जामीनदार कोण?

गेल्या महिन्यात आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मंगल कार्यालयात गुणवंतांचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, बाहेर फ्लेक्स आणि पुण्याहून आणलेले वक्ते. वक्त्यांनी पाऊण तास गर्जून सांगितलं की परिस्थिती कुणाला आडवी येत नसते, अडथळे असतात ते इथं. आणि ‘इथं’ म्हणताना कपाळावर बोट आपटलं. टाळ्या पडल्या. रात्री आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून जे पेटलं ते दोन दिवस विझलं नाही. एका बाजूचं म्हणणं, गरिबी हा बहाणा आहे, जिद्द असेल तर डोंगर हलतो. दुसरी बाजू म्हणे, स्वप्नं बघणं हे पोट भरलेल्यांचं काम, रोजंदारीवाल्याच्या पोरानं दहावी-बारावी करून वेळेत कामाला लागावं. मी सगळं वाचत होतो आणि मला दोन्ही बाजूंत एकच खोट दिसत होती. एकाला अडथळा मनात दिसतो, दुसऱ्याला नशिबात. दोन्ही ठिकाणी बाहेरच्या माणसाचा हात पोचत नाही, त्यामुळे भांडणाऱ्यांपैकी कुणालाच जागचं उठून काही करावं लागत नाही. माझं म्हणणं साधं आहे. स्वप्नं बहुतेक वेळा एका ठरावीक रकमेवर आणि एका ठरावीक तारखेला अडतात. त्या तारखेच्या आत कागदावर सही करणारं कुणी भेटलं नाही, की ती तिथंच संपतात. बाकी सगळी भाषणं त्यानंतरची.

हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं बघितलं आहे. सत्तावीस वर्षं मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात होतो. आमच्या अर्जाच्या शेवटच्या पानावर दोन चौकोन असत: जामीनदार क्रमांक एक, जामीनदार क्रमांक दोन. दोघंही पगारदार हवेत, पगाराचा दाखला जोडलेला हवा. वीसेक वर्षांपूर्वी हळद पॉलिशच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या एका माणसाची मुलगी वडलांबरोबर आली होती. वडलांच्या सदऱ्याच्या शिवणीत हळद बसलेली होती, टेबलावर हात टेकला तिथं पिवळा ठसा उमटला. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, अठरा हजार भरायचे होते. बाकीचा अर्ज तिनं सुवाच्य अक्षरात भरला होता. मी पेन्सिलीनं फुल्या मारून दिलेले ते दोन चौकोन तेवढे कोरे होते. वडलांच्या ओळखीत कोण कोण, तर एक रिक्षावाला, एक सेंट्रिंगवाला आणि पानपट्टी चालवणारा मेहुणा. पगाराचा दाखला एकाकडेही नाही. ‘काका, मंगळवारी शेवटची तारीख आहे,’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘उपसमितीची बैठक शनिवारी असते.’ तिनं अर्ज जुन्याच घडीवर दुमडला, गुणपत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला आणि ‘मग राहू दे’ म्हणून उठली. कर्मचाऱ्यानं कर्जदाराला जामीन राहू नये असा आमच्याकडे नियम होता आणि त्या नियमाच्या आड मी अगदी आरामात बसलो होतो. त्या मुलीच्या कपाळात नेमका कुठला अडथळा होता, हे त्या वक्त्यांनी मला दाखवून द्यावं.

आता जिद्दवाल्यांचं सर्वांत लाडकं उदाहरण घेऊ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खेड्यातला मल्ल, मातीतली कुस्ती आणि नुसत्या जिद्दीच्या जोरावर हेलसिंकी, अशी ही गोष्ट व्यासपीठावरून सांगितली जाते. त्यातला एक माणूस मात्र दर वेळी विंगेतच राहतो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. घर गहाण टाकणं म्हणजे काय, हे मी रोज बघत आलोय. त्या कागदावर सही करताना घरातली बाई दाराआड उभी असते. खाशाबा पदक घेऊन परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवून ते पैसे फेडले. म्हणजे ही गोष्ट जितकी जिद्दीची, तितकीच एका कर्जव्यवहाराची आहे: रक्कम, तारण, मुदत आणि परतफेड. आम्ही त्यातली मिरवणूक तेवढी ठेवली आणि गहाणखत फाडून टाकलं.

यावर येणारा प्रतिवाद दमदार आहे आणि तो मी हलक्यावारी काढणार नाही. सात हजार रुपये दुसऱ्या कुणाला दिले असते तर तो पदक आणू शकला असता का? नसता. ज्या तालमीत खाशाबा घुमले तिथं आणखीही पोरं होती, माती तीच होती. शिवाय दुसरा मुद्दा त्याहून टोचणारा आहे: मुलाला सतत परिस्थितीचंच गाणं ऐकवलं तर त्याच्या हातात तयार बहाणा दिल्यासारखं होतं. सवलत मिळाली तरी न शिकणारी, फी भरून वर्गात न जाणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यांतली दोन माझ्याच नात्यातली. तेव्हा जिद्द लागते, हे निर्विवाद. पण जिद्द आणि जामीन ही बेरीज आहे की गुणाकार? गुणाकारात एक आकडा शून्य असला की दुसरा कितीही मोठा असून उपयोग नाही. व्याख्यानांतून आपण मुलांची जिद्द वाढवत बसतो. दुसरा आकडा शून्य आहे की काय, हे तपासायला कुणी जात नाही. आणि का जात नाही, हेही उघड आहे. अडथळा मनात असला की टाळी वाजवून भागतं. तो कागदावर असला की खिशातलं पेन काढावं लागतं.

मग अण्णा भाऊ साठे पुढे केले जातात. वाटेगावचं पोरगं, दीड दिवसाची शाळा, वडलांबरोबर चालत मुंबई गाठली आणि मराठी साहित्यात अढळ जागा मिळवली. त्यांना कोण जामीन होतं? या उदाहरणापाशी मी बराच वेळ थांबलो आहे, कारण ते खरोखर माझ्या म्हणण्याला अडचणीत आणतं. पण नीट पाहिलं तर तिथंही माणसं आहेत. गिरणगाव आहे, कामगार चळवळ आहे, १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर उभं केलेलं लालबावटा कलापथक आहे. एकट्या माणसाला व्यासपीठ, श्रोते आणि सोबती मिळाले ते त्या चळवळीतून. आणि एवढं असूनही किंमत काय पडली? रशियापर्यंत जाऊन आलेला हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत वर्षानुवर्षं राहिला आणि १९६९ साली पन्नाशीही न गाठता गेला. ज्यांना त्यांचं आयुष्य ‘परिस्थिती आड येत नाही’ याचा पुरावा वाटतं, त्यांनी त्यांची वर्षं मोजावीत. शिवाय वाटेगावहून आणि आसपासच्या गावांतून चालत निघालेली बाकीची पोरं? पोचलेल्यांचीच चरित्रं असतात. पुरातून वाचलेल्या घरांकडे बोट दाखवून कृष्णेला पूर येत नाही असं कुणी म्हटलं तर सांगलीत त्याला कुणी उभं करणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणतो आणि वर टाळ्या घेतो.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे ‘पोरानं आपलं वेळेत कामाला लागावं’ म्हणणाऱ्यांकडे. यांना भित्रे, जुनाट म्हणून उडवून लावायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. वसुलीला गेल्यावर मी त्यांच्या ओसऱ्यांवर बसलो आहे. पोराच्या क्लाससाठी अर्धा एकर विकलेला बाप, पोरगं तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत गळाल्यावर कसा बसतो, ते मला माहीत आहे. त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे आणि आकडे त्यांच्याच बाजूनं आहेत. २०२४ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला सुमारे ९ लाख ९२ हजार अर्ज आले, त्यांतले सुमारे ५ लाख ८३ हजार प्रत्यक्ष परीक्षेला बसले आणि निवड झाली १००९ जणांची. या आकड्यापुढे उभं राहून ‘हार मानू नकोस’ म्हणणं, ही मला चक्क बेजबाबदारी वाटते. हार मानायची की नाही हा प्रश्नच चुकीचा लावला आहे. कुठल्या तारखेला थांबायचं, आणि थांबल्यावर गावात परत यायला तोंड उरेल का, हे विचारायला हवं.

आमच्याच जिल्ह्यात याचं उत्तर शंभर वर्षं डोळ्यांसमोर आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्या-चांदीची गलाई, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम, करायला देशभर गेली. तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, कुठलंही मोठं शहर घ्या, सराफ बाजारात एखाद्या बोळात विट्याकडचं मराठी कानावर येतं. पोरगं जातं कसं? चुलत्याच्या किंवा मामाच्या दुकानात. पहिली काही वर्षं मुशीपाशी, भट्टीच्या धगीत, राहणं-जेवण दुकानातच. हात बसला की शेठ स्वतःच त्याला दुसऱ्या गावी दुकान टाकून देतो, भांडवलाला मागे उभा राहतो. नाही जमलं तर पोरगं परत येतं, किंवा तिसऱ्या नातेवाइकाकडे जातं, आणि जत्रेत त्याला कुणी टोचून बोलत नाही. ‘त्याला मानवलं नाही’ एवढ्यावर विषय संपतो. अपयश इतकं स्वस्त असल्यामुळेच इतक्या जणांनी धाडस केलं. (या वाटेवर बाया नव्हत्या, आणि जातभाईंच्या आतच ती फिरली, हेही खरंच, तिचा गौरव करताना ते विसरू नये.) याच्या शेजारी आपलं अभ्यासिकेतलं पोरगं ठेवा. त्याचा फ्लेक्स पूर्वपरीक्षा पास झाल्याबरोबर चौकात लागतो, ‘भावी उपजिल्हाधिकारी’ म्हणून. तो फ्लेक्स उन्हानं उडून जातो, पण त्यावरचं विशेषण पोराच्या अंगाला चिकटून राहतं. मग वयाच्या तिसाव्या वर्षी तो गावाकडची शेवटची एसटी मुद्दाम निवडतो, का तर स्टँडवर कुणी भेटू नये. परतीची वाट आपणच बुजवली आणि मग पोरात निर्णय घ्यायची धमक नाही म्हणून बोलतो.

‘लोक काय म्हणतील’ हा अडथळा तर शंभर टक्के मानसिक, असं वक्ते सांगतात. मुलींच्या बाबतीत तो थोडा खोदून पाहावा. एखाद्या वाडीतली मुलगी संध्याकाळच्या सरावाला येत नाही, कारण घरचे सोडत नाहीत. घरचे सोडत नाहीत, कारण सराव संपतो सात वाजता आणि वाडीची एसटी सुटते साडेसहाला. त्यानंतर फाट्यापासून दोन किलोमीटर अंधार. या ठिकाणी आईबापांची मानसिकता बदलायला व्याख्यान ठेवायचं की एसटीची वेळ पाऊण तासानं पुढे न्यायची? बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, २०२३ पासून बायकांना तिकीट निम्मं झालं आहे; हे चांगलंच झालं. पण सुटून गेलेल्या गाडीचा मोफत पास काय कामाचा?

म्हसवडच्या बायकांचं उदाहरण इथं घ्यावंसं वाटतं. माणदेशातल्या या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांबरोबर स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बाया निरक्षर, कागदावर अंगठे. बायका रडत बसल्या नाहीत हे खरं. पण त्यांनी जे केलं ते नेमकं पाहावं. आत्मविश्वासाचं शिबिर भरवलं नाही. अडलं होतं अक्षरापाशी, तर त्या अक्षरं शिकल्या. पुन्हा अर्ज घेऊन गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली बँक सुरू झाली. अडथळ्याला नेमकं नाव सापडलं की तो केवढा लहान होतो! ‘आमचं नशीबच असं’ म्हटलं की केवढा मोठा राहतो!

पैसा आणि वेळापत्रक याखेरीज आणखी एक जामीन असतो, तो म्हणजे धीर धरणारा माणूस. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना; लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत. त्यातच बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. अशा माणसाला औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन आणि भांडवल दिलं. १९१० साली निवडुंग आणि साप असलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध हे काही बडोदं नव्हे, टीचभर संस्थान. आजच्या कुठल्या कर्ज उपसमितीनं हे प्रकरण मंजूर केलं असतं? मी तर शेरा मारला असता: ‘मालास उठाव नाही, सबब नामंजूर.’

मात्र आश्रयदात्याच्या भरवशावर स्वप्न टांगण्यातला धोकाही सांगलीलाच सर्वांत आधी कळला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं मराठी नाटक उभं केलं ते इथले संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि ते पाठबळ गेलं. भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले, मुंबईत तिकीट लावून खेळ केले. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, आणि तिलाही बडोद्यात नोकरी करण्याच्या कराराची अट होती. त्या नोकरीत त्यांना काय भोगावं लागलं, ते सर्वांना ठाऊक आहे. देणाऱ्याचा हात वर राहतो, हा आक्षेप म्हणून खराच आहे. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी दिलं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पण पोरांना भाऊरावांनी सांगितलं ते ‘कमवा आणि शिका’. खडी फोडा, शेतात राबा, आणि शिका. त्यामुळे घेणारा मिंधा राहिला नाही आणि देणाऱ्याला उपकाराची टिमकी वाजवता आली नाही. व्याख्यान देणं स्वस्तातलं, हे त्या माणसाला सगळ्यात आधी कळलं होतं.

आज परिस्थिती बदलली आहे, हे मान्य करतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बऱ्याच मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४-२५ पासून सरकार भरतं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत उतरला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकानं त्याला हेरलं, पुढे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीनं सांभाळलं. पण फी माफ झाली तरी मेसचे पैसे, खोलीची अनामत, जातपडताळणीच्या फेऱ्या आणि त्या फेऱ्यांत बुडालेले रोज, हे राहतंच. स्वप्न फीवर अडतं असं आपण समजतो. पुष्कळदा ते अनामतीवर अडलेलं असतं. सत्काराला जेवढा खर्च होतो तेवढ्यात गावातल्या सहा-सात पोरांच्या अनामती निघतील. मी हे ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले आणि लगेच कुणीतरी शुभ सकाळचा गुलाब टाकला.

निवृत्त झाल्यावर कर्मचाऱ्याचा नियम मला लागू राहिला नाही. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे दूध घालणाऱ्याच्या मुलाला मी जामीन राहिलो. साठ हजार, तीस हप्ते, कोल्हापूरला टूल अँड डायचा कोर्स. घरी सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर त्याची म्हैस गेली आणि दोन हप्ते थकले. परवा रजिस्टर्ड टपालानं नोटीस आली, ‘जामीनदार म्हणून आपली संयुक्त व वैयक्तिक जबाबदारी आहे, सबब सात दिवसांचे आत...’. मजकूर ओळखीचा वाटला. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला मीच तो तयार केला होता, त्यातली एक शुद्धलेखनाची चूकसुद्धा अजून तशीच आहे. बायकोनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘अहो, हे तुमचं आहे?’ मी हो म्हणालो. ती आत गेली, कपाटातून पासबुक आणलं आणि म्हणाली, ‘पोरगं कोर्सला जातंय ना अजून?’

जातंय. सकाळी पावणेसातच्या गाडीनं.